लॉकरमधलं मेतकूट

॥ श्री ॥

कॅलगरी, कॅनडा
घटस्थापना, २२ सप्टेंबर २०२५

ती. आई आणि बाबा यांना सा. न. वि. वि.

सगळ्यात आधी: कॉलेजचे आम्ही चौघंही डोंगरांतल्या ट्रिपवरून शनिवारी संध्याकाळी सुखरूप परतलो. गाडीला ओरखडा नाही, मला सर्दी नाही, कुणाला अस्वलानं खाल्लं नाही. आई, हे तू फोनवर तीनदा ऐकलं आहेस, पण फोनवर तुझा विश्वास बसत नाही, म्हणून लेखी देते. धाकट्याला सांगितलंय, झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आण, म्हणजे बाबांना मोबाइल हातभर लांब धरून वाचायला नको.

बाबा, गुडघा कसा आहे? फिजिओथेरपीवाला रोज येतो ना? जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. उलटं करू नका. आणि व्यायाम झाले असं आईला खोटं सांगू नका, तिनं मला सगळं कळवलंय.

आज घट बसले असतील. माती शेतातली आणलीत की यंदाही कुंडीतलीच? माझ्या नावचं हळदकुंकू वाहा.

आता मंगळवारचं. आई, तू अजून रागावलेली आहेस हे मला तुझ्या "बरं बरं" वरून कळतं. लेक लुईसपासून जॅस्पर गावापर्यंत डोंगरांतून २३२ किलोमीटरचा रस्ता आहे. त्यावर जवळजवळ कुठेच रेंज नसते. कुठल्या कंपनीचं कार्ड आहे याचा काही संबंध नाही, टॉवरच नाहीत. पेट्रोल पंपसुद्धा मध्ये एकच. मी सोमवारी रात्री "उद्या दिवसभर फोन लागणार नाही, काळजी करू नका" असा मेसेज केला होता. तो तुमच्या ग्रुपवर जाण्याऐवजी आमच्या चौघांच्या ग्रुपवर गेला, आणि बाकीचे तिघं तेव्हा माझ्याच शेजारी बसले होते. चूक माझीच. पण आई, सतरा मिस्ड कॉल? आणि लंबूच्या आईला नागपूरला फोन? तिनं पुढे चिंगीच्या घरी धुळ्याला केला. संध्याकाळी जॅस्परला पोचलो आणि चारही फोन एकदम वाजायला लागले, तेव्हा आम्हालाच वाटलं की घरी काही झालं. माझे हात थरथरत होते. तुला वाटतं काळजी फक्त तिकडून इकडे येते.

पक्षात प्रवास नको, हे तू ऑगस्टपासून सांगत होतीस. मान्य. पण चौघांच्या सुट्ट्या जुळायला आम्हाला पंधरा वर्षं लागली, त्यात पंचांग कुठे बघू? कॉलेजच्या शेवटच्या वर्षी कळसूबाईवर गेलो होतो, आठवतंय? तू दशम्या दिल्या होत्यास आणि लंबूनं पायथ्याशी बारीलाच संपवल्या. त्या माथ्यावर बसून ठरलं होतं की नोकरी लागली की चौघांनी लेहला जायचं. मग लंबू सिएटलला गेला, मास्तर टोरांटोला, चिंगी न्यू जर्सीला आणि मी इथे. २०२० मध्ये इथल्याच डोंगरांचं ठरवलं तर करोना आला. गेल्या वर्षी जॅस्परचं बुकिंग झालं होतं, पैसे भरले होते, आणि जुलैत जॅस्पर जळलं. तेव्हा यंदा पक्ष असो की पौष, जायचंच होतं.

एक तक्रार नोंदवून ठेवते. यंदाच्या उन्हाळ्यात इथल्या सरकारनं सगळ्या राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश फुकट ठेवला होता. २ सप्टेंबरपर्यंत. आम्ही गेलो १३ तारखेला. आपल्या घराण्याचं नशीब.

पहिले तीन दिवस लेक लुईस. राणी व्हिक्टोरियाच्या मुलीच्या नावावरून तलावाचं नाव पडलं. फोटो पाठवलेत, रंग खरा आहे. बाबा, तुम्ही "एडिट केलंय" असं लिहिलंत, तसं काही केलेलं नाही. वरच्या बर्फाच्या नद्या सरकताना खालचा दगड जात्यासारखा दळतात आणि ते पीठ पाण्यात तरंगत राहतं, त्यावर ऊन पडलं की पाणी असं निळं-हिरवं दिसतं. तलावाच्या काठाला उभं राहिलं की आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंचावर असतो, एक पाऊलही न चढता. लंबूला हे सांगितल्यावर तो म्हणाला, मग तेव्हा इतके हाल कशाला केले?

शेजारचा मोरेन तलाव त्याहून सुंदर. पूर्वी इथल्या २० डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. २०२३ पासून तिथे खासगी गाड्या बंद आहेत, बसनंच जावं लागतं, आणि त्या बसची बरीच तिकिटं दोन दिवस आधी सकाळी ठीक आठला खुली होतात. बाबा, हुबेहूब तत्काळ. चार ठिकाणी चार लॅपटॉप उघडून बसलो होतो. तिकीट चिंगीला मिळालं, कारण तिचं शिक्षण धुळ्याच्या गाडीच्या तत्काळवर झालंय.

मोरेनच्या वर एक दरी आहे. तिथे लार्च नावाची झाडं आहेत, सूचिपर्णीच, पण यांची पानं शरदात गळतात. गळण्याआधी आठ-दहा दिवस अख्खी दरी पिवळीजर्द होते. दसऱ्याच्या आधीच सोनं लुटलं आम्ही, म्हणजे डोळ्यांनीच, कारण पान काय, खडाही उचलून आणायची परवानगी नाही. आणि या वाटेवर, अस्वलांचा वावर असला की, चारांपेक्षा कमी माणसांनी जाणं बेकायदेशीर असतं. चार जणांनी एकमेकांच्या अगदी जवळ राहून चालायचं. फलक बघून आम्ही आधी हसलो. मग मास्तर म्हणाला, पंधरा वर्षांत पहिल्यांदा सरकारनंच सांगितलं की तुम्ही चौघं एकत्र राहा. त्यावर कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी बुटाच्या नाड्या घट्ट केल्या.

आता एका गोष्टीबद्दल सविस्तर लिहिते, कारण फोनवर सांगायला गेले तर बाबा नुसते हसले आणि आई म्हणाली, काहीतरीच.

लेक लुईसला आम्ही तंबूत राहिलो. तंबूंच्या त्या जागेभोवती विजेच्या तारेचं कुंपण आहे. म्हणजे अस्वलं मोकळी आणि माणसं कुंपणात. ही पहिली गंमत. दुसरी अशी की तिथे वासाची एकही वस्तू उघड्यावर सोडून हलायचं नाही. वासाची म्हणजे खाण्याची असं आपल्याला वाटतं. तसं नाही. टूथपेस्ट वासाची. साबण, शाम्पू, ओठांना लावायचं मलम, भांडी घासायचा चोथा, रिकामा डबा, गॅसची शेगडी, कुत्र्याची ताटली, सगळं वासाचं. खरकटं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं तर तेही वासाचं. हे सगळं गाडीत बंद करायचं, नाहीतर तिथल्या लोखंडी लॉकरमध्ये. रात्रीपुरतं नव्हे, दिवसाही. पाच मिनिटं तोंड धुवायला गेलात तरी. तंबूत तर काहीच ठेवायचं नाही, खिशात विसरलेली गोळीसुद्धा. चिंगी पहिल्या रात्री साडेअकराला उठली, कारण तिला आठवलं की जाकिटात श्रीखंडाची गोळी आहे. कडाक्याच्या थंडीत, टॉर्च घेऊन, एका श्रीखंडाच्या गोळीसाठी आम्ही दोघी लॉकरपर्यंत गेलो. ती म्हणाली तोंडात टाकू का, पण मग परत दात घासायला लागले असते, आणि टूथपेस्टही लॉकरमध्येच.

कचऱ्याच्या डब्याचीही तीच कथा. लोखंडी पेटारा, त्याच्या झाकणाखाली हात घालून आतली खिट्टी दाबली तरच उघडतो. अस्वलाचा पंजा आत जात नाही. लंबूचाही गेला नाही. इंजिनिअर माणूस केळ्याची सालं हातात धरून उभा, आणि मागे एक सहा वर्षांची पोरगी. शेवटी तिनंच उघडून दिला.

याचं कारण विचारलं तर पटतं. अस्वलाला एकदा माणसाच्या खाण्याची चव लागली की ते परत येतं, धीट होतं, तंबूत तोंड घालतं आणि शेवटी त्यालाच गोळी घालावी लागते. इथे म्हणतात, खाऊ घातलेलं अस्वल म्हणजे मेलेलं अस्वल. बरं, हे फक्त अस्वलाचं नाही. खार असो, पाखरू असो, राष्ट्रीय उद्यानात कुठल्याही जनावराला घास देणं गुन्हा आहे. दंड २५ हजार डॉलरपर्यंत होऊ शकतो. आपल्याकडे गाईला, कुत्र्याला, मुंगीला देऊन मग जेवायचं. इथे कुणालाही काही द्यायचं नाही, आणि ते त्यांच्याच भल्यासाठी. मला अजून याची सवय होत नाही.

तर आई, तू पाठवलेलं मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी आणि डिंकाचे लाडू तीन रात्री कुलूपबंद होते, इस्पितळातल्या औषधांसारखे. लॉकरचं दार उघडलं की आपल्या स्वयंपाकघराचा वास यायचा. शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी दोनदा विचारलं, हा वास कशाचा. त्यांना बिचाऱ्यांना काळजी वाटत होती की एवढ्या वासानं रानातली सगळी अस्वलं इकडेच येतील. त्यांना एक लाडू दिला. मग त्यांनी वासाबद्दल विचारणं सोडलं आणि लाडवाबद्दल विचारायला लागले.

अस्वलाची भीती होती का, या प्रश्नाचं उत्तर: नव्हती. थोडी होती. चौघांच्याही कमरेला मिरचीच्या अर्काचा फवारा होता, बंदुकीसारखा पट्ट्याला अडकवलेला. आणि रानात शांत चालायचं नसतं, आवाज करत जायचं, म्हणजे अस्वल आपणहून बाजूला होतं. इथले लोक "ए अस्वला" अशा अर्थाच्या आरोळ्या देत जातात. आम्हाला ते जमेना, लाज वाटायची. मग मास्तरनं सरळ "विठ्ठल विठ्ठल" सुरू केलं आणि चिंगीनं टाळ्यांचा ठेका धरला. सात-आठ किलोमीटर दिंडी. समोरून येणाऱ्या दोघीतिघी थांबून बाजूला झाल्या आणि वाट दिली. अस्वल शेवटपर्यंत दिसलं नाही. म्हणजे रस्त्याच्या कडेला एक काळं दिसलं, पण गाडीतून, काचा बंद. पूर्ण बंद, आई.

मंगळवारी दशमी होती. आजीची तिथी. तुम्ही पान वाढलंत तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेली होती आणि मी झोपलेले होते. दुपारी आम्ही बर्फाच्या नदीसमोर गाडी लावली. अथाबास्का म्हणतात तिला. मी गाडीतून उतरून उरलेला लाडू खात होते, तेवढ्यात बॉनेटवर एक डोमकावळा येऊन बसला. आपल्या कावळ्याच्या दीडपट तरी असेल, काळाकुळकुळीत, मानेची पिसं पिंजारलेली. माझ्याकडे बघतोय, लाडवाकडे बघतोय. हलेना. बाकीचे तिघं गप्प झाले, कारण सकाळीच मी त्यांना तिथीचं बोलले होते.

समोर फलक होता, पाखरांना खाऊ घालू नका. आजी असती तर म्हणाली असती, दंड भर पण घास ठेव. मी ठेवला नाही. गाडीत बसले, काच वर केली आणि उरलेला लाडू स्वतः खाल्ला. तो थोडा वेळ थांबला, काचेवर एकदा चोच मारली आणि पलीकडच्या गाडीवर गेला. मास्तरनं मला समजावलं की डोमकावळा हा कावळा नव्हे, तेव्हा शास्त्रात बसत नाही. बसत नसेलही.

तुमच्याकडे कावळा लगेच शिवला का? फोनवर तू ते सांगितलंच नाहीस आणि मीही विचारलं नाही.

त्या बर्फाच्या नदीपर्यंत चालत जायची वाट आहे आणि वाटेत सालांचे खांब रोवलेत. त्या-त्या साली बर्फ कुठपर्यंत होता ते दाखवायला. गेल्या सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलाय. १९९२ च्या खांबाशी मी धाकट्यासाठी फोटो काढलाय. तो जन्मला तेव्हा बर्फ इथे होता, आणि आता तिथून पुढे कितीतरी वेळ नुसते दगड तुडवत जावं लागतं. बाबा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे वरच्या बर्फाच्या पठारावरून पाणी तीन महासागरांकडे जातं. आपल्याकडे दारणा गोदावरीतून पूर्वेला जाते आणि वैतरणा पश्चिमेला, आणि तुम्ही आम्हाला घाटमाथ्यावर उभं करून तांब्यातलं पाणी दोन्हीकडे ओतून दाखवायचात. इथे तिसरीकडेही ओतावं लागेल, उत्तरेला.

जॅस्परबद्दल फार लिहीत नाही. गेल्या वर्षीच्या आगीत गावातल्या १,११३ इमारतींपैकी ३५८ गेल्या. अजून जागोजागी रिकामे चौथरे आहेत, बांधकामं चालू आहेत, आणि गावाबाहेर मैलोन् मैल काळे खांब उभे आहेत, ते खांब म्हणजे झाडं. तरी हॉटेलवालीनं हसून चहा दिला. सकाळी अंगणात एल्क आला होता. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. हे त्यांचे माजाचे दिवस, त्यामुळे नर रात्रभर ओरडतात. एवढ्या मोठ्या जनावराच्या गळ्यातून शिट्टीसारखा बारीक आवाज निघतो. मला झोपेत वाटलं कसाऱ्याहून बँकर, म्हणजे घाटात गाडीला ढकलणारं ते जादा इंजिन, येतंय.

बाबा, पुढचं तुमच्यासाठी. आई, तू हे सोडून दिलंस तरी चालेल.

परतताना आम्ही योहो उद्यानात गेलो. योहो हा क्री लोकांचा शब्द, आपल्या "अबब" सारखा. म्हणजे अबब राष्ट्रीय उद्यान. तिथे किकिंग हॉर्स खिंड आहे. १८८४ मध्ये घाईघाईत रूळ टाकले तेव्हा खिंडीखालचा उतार साडेचार टक्के ठेवला होता. तुमच्या हिशेबात वन इन ट्वेंटीटू! आपला कसारा घाट वन इन थर्टीसेव्हन, आणि त्याचंच तुम्ही आम्हाला इतकं कौतुक ऐकवलंत. गाड्या ताबा सुटून घसरत जायच्या, माणसं जिवानिशी जायची. म्हणून उतारावर तीन ठिकाणी चढाकडे जाणारे फाटे काढले होते आणि सांधे कायम त्या फाट्याकडेच लावलेले असायचे. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटली तरच सांधेवाला मेन लाइन द्यायचा. आपलं कॅच सायडिंगच की. वाचताना मला तुमचा आवाज ऐकू येत होता.

मग १९०९ मध्ये त्यांनी डोंगरांच्या पोटात दोन गोल बोगदे खणले. जिन्यासारखी गाडी आतल्या आत वळते आणि शिरली त्याच्याच वर बाहेर येते. उतार निम्म्यावर आला, सव्वादोन टक्के. वेळापत्रक कुणाकडे नाही, मालगाडी येईल तेव्हा येईल. आम्ही एक तास वीस मिनिटं थांबलो. लंबू म्हणाला, रेल्वेवाल्याची पोरगी बरोबर आणली की असं होतं. पण आली. इंजिन वरच्या तोंडातून बाहेर पडलं आणि शेपूट अजून खालच्या तोंडात शिरतच होतं! धान्याचे डबे, एकसारखे, संपेचनात. मध्येच आणखी एक इंजिन, त्यात माणूस नाही, पुढच्या इंजिनातूनच त्याला चालवतात. आणि शेवटी गार्ड नाही. गार्डचा डबा इथे केव्हाच काढून टाकला. शेवटच्या डब्याला फक्त एक खोकं लावलेलं असतं. तुम्ही गार्ड म्हणूनच निवृत्त झालात ते बरं झालं. २०२२ मध्ये आपल्याकडे त्या पदाचं नाव ट्रेन मॅनेजर केलं तेव्हा तुम्ही दोन दिवस कुरकुरत होतात, इथे तर पदच नाही.

मी त्या खोक्याला हात केला. क्वार्टरच्या मागून तुमची गाडी जायची तेव्हा तुम्ही हिरवा झेंडा गरजेपेक्षा जरा जास्तच हलवायचात ना, त्या सवयीनं हात वर गेला. चिंगीनं बघितलं, पण काही बोलली नाही.

आता बाकीचे प्रश्न, एकेक. गाडी मी एकटीनं चालवली नाही, चौघांत वाटून घेतली. रात्री कुणीच चालवली नाही. बर्फ पडला नव्हता. तंबूत चिंगी आणि मी एका, ते दोघं दुसऱ्या. समोरच्या काकूंना हे सांगायची गरज नाही, पण विचारतीलच, तर सांग. मी बारीक दिसते ते फोटोतल्या जाकिटामुळे. खरं म्हणजे त्या जाकिटानं माणूस जाड दिसतो, तेव्हा हा प्रश्न तू का विचारलास ते मला कळलं नाही. दारूबद्दल लंबूच्या आईला काय सांगायचं ते लंबू बघेल.

पैशांचं. माझ्या वाट्याला साधारण अकराशे डॉलर खर्च आला, सगळं धरून. रुपयांत करू नकोस. केलंस ना? धाकट्याच्या लग्नाच्या हॉलच्या अ‍ॅडव्हान्सचे दीड लाख मी आज सकाळीच त्याच्या खात्यात टाकलेत. बाबा, ते परत पाठवायचे नाहीत. गेल्या वेळी पत्र्याचे पाठवले ते तुम्ही माझ्याच नावानं पोस्टात ठेवलेत, आणि पत्रा अजून गळतो, हे मला धाकट्यानं सांगितलंय. त्याच्यावर चिडू नका. आचारी आणि बस्त्याचे मी ऑक्टोबरच्या पगारावर पाठवते. शालू नव्या सुनेच्या पसंतीनं घ्या, आई, तुझ्या पसंतीनं नको. माझ्यासाठी साडी घेऊ नकोस, मागच्या दोन अजून घडीतच आहेत. बरं, घे.

लग्नाला मी येतेय, तिकीट काढलं. पण पंधरा दिवस नाही, आठ. त्यातले दोन प्रवासात जातील. केळवणांना मी नसेन, मुहूर्त करायलाही नसेन, हळदीच्या आदल्या रात्री पोचेन आणि पूजा झाली की तिसऱ्या दिवशी निघेन. करवली म्हणून तेवढी उभी राहीन. रजा तेवढीच उरली आहे. वर्षाला पंधरा मिळतात. दोन आजारपणात गेल्या, पाच या ट्रिपला.

बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी जुलैत मी रजा मिळत नाही म्हणाले होते. मिळत होती. याच पाच दिवसांची. मी त्या जानेवारीतच राखून ठेवल्या होत्या आणि मला त्या सोडवेनात. बाबा, तुम्ही फोनवर "अगं, धाकटा आहे ना, तू कशाला उगाच धावपळ करतेस" म्हणालात आणि मी लगेच बरं म्हटलं. फार लगेच म्हटलं. ट्रिपमध्ये मी आनंदात होते, हेही खरं आहे. रोज आठवण येत होती असं लिहिलं तर ते खोटं होईल.

एडमंटनच्या त्या स्थळाला मी अजून फोन केलेला नाही. दिवाळीनंतर करते. हे मी गेल्या दिवाळीतही म्हटलं होतं, मला माहीत आहे. आणि मास्तरबद्दल तू जे आडून विचारलंस त्याचं उत्तर: नाही, तसं काही नाही. त्याला लाडू आवडले म्हणून लगेच त्याच्या पत्त्यावर डबा पाठवू नकोस. पाठवायचाच असेल तर तिघांच्याही पाठव.

धाकट्याला आशीर्वाद, आणि प्रिंट काढताना वाचलं असेल तर वाचलं म्हणून सांग त्याला. थंडीचे कपडे आहेत माझ्याकडे. जेवते वेळेवर.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, बोगद्यातल्या गाडीचा व्हिडिओ धाकट्याच्या मोबाइलवर पाठवलाय, सात मिनिटांचा आहे. टीव्हीवर लावायला सांगा, पाय स्टुलावर ठेवून बघा. डबे मोजताना मला एकदा १४१ आले आणि एकदा १४३. मधलं इंजिन मी धरलेलं नाही. तुम्ही मोजा आणि कळवा.